सपाट वाटांचं वजन
गणिताचा शोधनिबंध मागून पुढे वाचायची बाईंना खोडच होती. पहिल्या पानापासून वाचलं की लिहिणाऱ्याच्या उत्साहात आपणही वाहवत जातो, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने ‘फक्त टायपिंगच्या चुका बघ’ म्हणून दिलेली पानंही त्यांनी तशीच शेवटून धरली, आणि तिथेच घात झाला.

बाई विद्यापीठात गणित शिकवायच्या आणि नवराही त्याच विभागात. दोघं एकाच सरांचे विद्यार्थी, त्यामुळे घरात अहो-जाहो कधी शिरलंच नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचा निबंध नाकारला गेला आणि गडी पार खचला. शिकवायचा, जेवायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. मग यंदा एकाएकी त्याला तो जुना हट्टी प्रश्न सुटला. दोन मेदूवडे चिकटवल्यासारखा, दोन भोकांचा बंद पृष्ठभाग घ्यायचा. टेकडीसारखा फुगवटा कुठेच नाही; कुठे सपाट, कुठे खोगिरासारखा बाक. त्यावर कुणी नाकासमोर चालत सुटला, तर तो सगळीकडे सारखाच फिरतो का? एखाददुसरी हेकट वाट सोडली तर फिरतोच, असं नवऱ्याचं म्हणणं. सासूबाईंनी ही बातमी सगळ्या इमारतीत पोचवली होती. नेमकं काय सुटलं, ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

काही वाटांना मात्र जन्मभर बाक भेटतच नाही, सगळा प्रवास सपाट. अशा साऱ्या वाटांचं मिळून वजन, म्हणजे एकूण वाटांमधला त्यांचा हिस्सा, शून्य, म्हणून त्या सोडून देऊ. ‘हे उघडच आहे’, एवढंच नवऱ्याने लिहिलं होतं, सिद्ध काहीच केलं नव्हतं. उघड कसलं डोंबलाचं! भले भले तिथेच अडून बसले होते.

बाईंना हे दिसलं परवा. त्या रात्री नवरा जेवताना लेकीची थट्टा करत होता आणि लेक खिदळत होती. बाईंनी पानं मिटून बाजूला ठेवली. आज दुपारी त्याचं व्याख्यान होतं, सर मुद्दाम येणार होते. तो शर्टाला इस्त्री करत होता, तेव्हा बाईंनी ती ओळ त्याच्यापुढे धरली.

त्याने वाचली. पुन्हा वाचली. इस्त्री उभी करून ठेवली.

“कधी कळलं तुला?”

“परवा.”

“आणि आज सांगतेस?”

“घरात इतक्या दिवसांनी कुणी हसत होतं रे. नाही सांगवलं.”

तो शर्ट तसाच चुरगळलेला घालून निघून गेला. बाईंना वाटलं, भिंतीकडे बघत बसायची ती दोन वर्षं परत आली.

व्याख्यानाला त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. नवऱ्याने प्रश्न मांडला, बरंच पुढे नेला, मग फळ्यावर तीच ओळ लिहून खडू खाली ठेवला. इथून पुढे आपल्याकडे काही नाही, चूक बायकोने पकडली, असं सरळ सांगून टाकलं. खोलीत चुळबुळ झाली. आता पुढे काय, असं सरांनी हळूच विचारलं.

“या ओळीवर आम्ही दोघं बसणार,” तो बाईंकडे बघत म्हणाला. “ती हो म्हणाली तर.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकत्र काम करू असं त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. सगळे वळून बाईंकडे बघत होते. त्या डोळे पुसत होकाराची मान डोलावत राहिल्या.