शेवटची दोन पावलं

आमच्या धाकट्या भावाला दिसत नाही. आठ वर्षं मी त्याच्याबरोबर पोहलो, जोडसायकलच्या पुढच्या सीटवर बसून वळणं घेतली, एका दोरीने त्याला कमरेशी बांधून धावलो. मेडलं त्याच्या गळ्यात, गुडघेदुखी माझ्या वाट्याला. आई आल्यागेल्याला भिंतीवरची मेडलं दाखवायची आणि मला म्हणायची, "चहा टाक रे."

माझं काही म्हणणं नव्हतं. खोटं कशाला बोलू, होतं. पण निवड चाचणीत पहिले आलो असतो तर जागतिक स्पर्धेला आम्ही दोघं जाणार होतो, अंगात देशाचा टी-शर्ट घालून. त्या टी-शर्टसाठी मी हाडाची काडं केली होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी शेडमध्ये जोडसायकलच्या साखळीला तेल देत होतो. पत्र्यापलीकडे धाकटा आमच्या कोच सरांशी बोलत होता.

"उद्या दादाच. पण जागतिकला दुसरा जोडीदार बघा, सर. दादा आता जड झालाय. चढावर मीच ओढतो त्याला."

"त्याला सांगितलंस?"

"जिंकल्यावर सांगतो. आत्ता सांगितलं तर पाय मारेल का तो?"

माझ्या तोंडाला पानं पुसायचं आधीच ठरलं होतं. मी साखळी पुसली आणि घरी जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी चढावर मी जीव तोडून पेडल मारलं. कोण कुणाला ओढतंय ते कळू दे म्हटलं. धावायला लागलो तेव्हा मागची जोडी दिसतसुद्धा नव्हती. आमच्या खेळात एक नियम आहे. शेवटच्या रेषेवर डोळस जोडीदाराने न दिसणाऱ्या खेळाडूच्या बाजूला किंवा मागे राहायचं. डोळस पुढे गेला की जोडी बाद. म्हणून रेषा आली की मी नेहमी अर्धं पाऊल मागे यायचो.

त्या दिवशी आलो नाही. दोन पावलं पुढे टाकली आणि रेषा ओलांडली.

धाकट्याने दोन्ही हात वर केले. तेवढ्यात लाउडस्पीकरवर आमची जोडी बाद झाल्याचं सांगितलं. सर धावत आले.

"अरे गाढवा, आठ वर्षांत एकदाही चुकला नाहीस, आणि आज?"

"तोल गेला, सर."

सर हळहळले. वर मलाच पाणी दिलं.

सर घरी निघून गेल्यावर धाकटा म्हणाला, "दोरी ताणली होती, दादा. तोल गेला की ती सैल पडते."

"काल शेडमध्ये होतो मी," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने दोरी सोडली, हात पुढे करून चाचपडला आणि माझा दंड धरला. मैदान अनोळखी होतं आणि बसपर्यंत न्यायला तिथे त्याचं दुसरं कोणी नव्हतं.