कुणी ओरडलं नाही

वासेमाथाने माउस सरकवला, पण नेहमीचं बटण नेहमीच्या जागी नव्हतं. क्लाउडवाल्यांनी ते एका रात्रीत उजवीकडून डावीकडे नेलं होतं आणि वर निळ्या पट्टीत लिहिलं होतं, ‘आता आणखी सोपं!’ तिने चहाचा कप खाली ठेवला आणि डोळे चोळले.

दर आठवड्याला हेच. एक नवी सुविधा यायची, दुसऱ्या सुविधेचं बारसं नव्याने व्हायचं, आणि काल मुश्किलीने शिकलेलं आज जुनंपुराणं ठरायचं. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात. इथे ती शुक्रवारपर्यंतही टिकत नसे. सुवा या बेटांच्या राजधानीतली ही कंपनी लहानशी. बेटांवरच्या शाळा, दवाखाने, बोटवाले यांचा क्लाउडवरचा कारभार ती सांभाळायची. पूर्वी या कामाला चौघं होती. तिघं एकामागून एक ऑस्ट्रेलियाला गेली आणि त्यांचं काम गुपचूप वासेमाथाच्या टेबलावर येऊन बसलं. ती थकली होती. झोपेने उतरेल असा तो थकवा नव्हता.

“ताई, ती साफसफाई झाली का?” अश्नीलने दारातून डोकं आत घातलं. हा तिचा साहेब. वयाने तिच्याहून लहान, पण खुर्ची मोठी.

“एक यंत्र राहिलंय. चाचणी-दोन.”

“दोन आठवडे बंद ठेवलंस ना? कोणी ओरडलं?”

“नाही.”

“मग उडव की. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आपण तर कंपनी आहोत. एवढं आटप आणि जा सुट्टीवर. तुझ्या तोंडाकडे बघून मलाच जांभया येतात.”

या धंद्याची ही जुनी रीत होती. एखादं यंत्र, म्हणजे क्लाउडवर भाड्याने घेतलेला संगणक, कोणाचं ते कळत नसेल, तर ते बंद करून वाट बघायची. ज्याचं अडेल तो ओरडेल. कोणी ओरडलं नाही, तर ते कोणालाच नको आहे असं समजायचं आणि कायमचं पुसून टाकायचं. त्यात आता क्लाउडवाल्यांनी नवी सुविधा आणली होती. ती आपणहून आळशी यंत्रं हुडकून त्यांच्यावर लाल खूण करायची. चाचणी-दोनवर तशी खूण होती. पुसलं की ते परत मिळणार नव्हतं.

वासेमाथाचं मन मात्र घेत नव्हतं. बंद करण्यापूर्वी तिने पाहिलं होतं. ते यंत्र अगदीच आळशी नव्हतं. अधूनमधून जागं व्हायचं, क्षणभर काहीतरी करायचं आणि पुन्हा झोपायचं. ते इलायसाने उभं केलेलं होतं. तो आता ब्रिस्बेनमध्ये म्हाताऱ्यांना उचलून आंघोळी घालत होता. तिने विचारल्यावर त्याचं उत्तर आलं होतं, ‘चाचणी नाव आहे ना? मग चाचणीच असेल. आठवत नाही. माझी कंबर गेली आहे.’

पुसण्याचं बटण एकदाचं सापडलं. ‘नक्की पुसायचं?’ अशी चौकट समोर आली. तिने ती तशीच ठेवली आणि आधी तितिलिया मावशीला फोन लावला. सुट्टी मिळाली, येतेय, एवढं सांगायचं होतं. आई गेल्यावर याच मावशीने तिला कोरो बेटावर वाढवलं होतं.

फोनमध्ये आधी वारा आला, मग मावशी.

“वासे! जेवलीस का?”

“जेवेन. तू कुठे आहेस? किती वारा येतोय.”

“धक्क्यावर बसलेय. बोटीची वाट बघतोय सगळी.”

“बोट तर अजून सुव्यातून निघालीही नसेल. आतापासून कशाला बसलात?”

“ते आम्हाला इथे कसं कळायचं? हल्ली आळीपाळीने बसतो. रात्रीसुद्धा. तुझा मेसेज येत नाही ना.”

“माझा मेसेज?”

मावशी हसली. “बघा, पाठवणारीच विचारतेय! बोट निघाली की येतो तो. तुझ्या ऑफिसातून.”

वासेमाथाने असा मेसेज कधीच पाठवला नव्हता. तिने समोरच्या चौकटीकडे पाहिलं. इलायसाची सासुरवाडी कोरोची. बोट निघाली की सासऱ्यांना कळावं म्हणून त्याने गंमत म्हणून चाचणी-दोनवर काहीतरी जोडून दिलं असणार, मग गावाने आपापले नंबर दिले असणार, आणि तो विसरून निघून गेला असणार.

“मी सगळ्यांना सांगते,” मावशी म्हणाली, “आमची वासे पाठवते तो. तिचा निरोप आल्याशिवाय बोटीने धाडायचे तारोचे कंद उपटायचे नाहीत. उगाच सडतात.”

“मग तो बंद झाल्यावर कोणी कळवलं का नाही? एक फोन करायचा होतास!”

“पाद्रीबाबा म्हणत होते, फोन करू. मीच नको म्हटलं.”

“का?”

“अगं, दर वेळी फोनवर म्हणतेस, दमले मावशी, फार दमले. म्हटलं, पोर थकली असेल, घेऊ दे जरा विसावा. गावाला ताकीदच दिली, कोणी तिच्या मागे लागायचं नाही म्हणून. सगळ्यांनी ऐकलं हो.”

वासेमाथाला पुढचं विचारायची हिंमत होईना, तरी तिने विचारलं. “आणि तुझी डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख? सुव्याला यायचं होतं ना तुला?”

“ती हुकली. बोट पहाटे येऊन गेली, मी पोचेपर्यंत लांब गेली होती. आता पुढची तारीख नाताळानंतर. तू नको जिवाला लावून घेऊस. दुसरा डोळा आहे की.”

दारात पुन्हा अश्नील उभा होता. “उडवलंस?”

तिने फोनवर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

“का? ओरडलं कोणी?”

“नाही.”

“मग?”

“राहू दे ते. माझं आहे.”

तो काहीतरी बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून तसाच परत गेला. तिने चौकट मिटवली, यंत्र सुरू केलं आणि ते जागं होईपर्यंत नजर हलवली नाही. तिला स्वतःची फार लाज वाटत होती. ते मी नव्हते मावशी, एक यंत्र होतं, माझं तर लक्षही नव्हतं. एवढं सांगून टाकलं असतं तर सुटली असती. ओठांवर आलंही होतं.

“वासे? गेलीस का?”

“आहे मावशी. दमले होते थोडी. म्हणून राहिलं पाठवायचं.”

“वाटलंच मला. मग, झाला विसावा?”

“झाला. आता येईल मेसेज.”

फोन तोंडापासून लांब गेला. वाऱ्यातून मावशीचा आवाज आला, धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“उठा रे, घरी चला! पोरीला बरं वाटतंय आता.”