जोडी कुणाची कुणाशी

बालवाडीच्या मुख्याध्यापिकांनी फर्मान काढलं. शुक्रवारी पाहुणे येणार, तेव्हा बंगल्यांतली मुलं आणि गॅरेजमागच्या खोल्यांतली मुलं हातात हात घालून फिरताना दिसली पाहिजेत.

छोट्या गटाच्या बाईंनी डोकं खाजवून वीस मुलांच्या दहा जोड्या लावल्या. डॉक्टरांची लेक आणि मेकॅनिकचा मुलगा, वकिलांचा मुलगा आणि इस्त्रीवाल्याची मुलगी. यादी अशी काही जमून आली की बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं.

शुक्रवारी मुलांनी यादीला केराची टोपली दाखवली. त्यांचे गट आधीच पडले होते, न पडता लंगडी घालणारे आणि पडणारे.

"तू पडतोस. तू नको," डॉक्टरांच्या लेकीने मेकॅनिकच्या मुलाला तोंडावर सांगितलं. त्याने भोकाड पसरलं.

"असं म्हणू नये, राणी. आपण सगळे सारखेच असतो ना?" बाई म्हणाल्या.

"मग तुमची जोडी कोणाशी?"

बाई हातातली यादी चाळू लागल्या. तेवढ्यात त्या मुलाने नाक पुसलं, दारात फरशी पुसणाऱ्या मावशींना ओढत आणलं आणि त्यांचा ओला हात बाईंच्या हातात दिला.

सहा वर्षं दोघी एकाच छताखाली होत्या. बाईंचा चहा ऑफिसात व्हायचा, मावशींचा मागच्या पायरीवर. दिवसातून पन्नासदा 'मावशी, मावशी' करणाऱ्या बाईंना त्यांचं नाव काही आठवेना. मुळात कधी विचारलंच नव्हतं.

पाहुण्यांना नेमकी तीच जोडी आवडली. फोटो निघाला. "काय कल्पना आहे!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. बाईंनी मान खाली घालून कौतुक पदरात पाडून घेतलं.

पण मन खात राहिलं. सोमवारी त्या कप घेऊन थेट पायरीवर गेल्या. मावशी बाजूला सरकल्या. दोघींनी समोरच्या भिंतीकडे बघत चहा संपवला.

"मी रोज येत जाऊ का इथे?" बाईंनी शेवटी विचारलं.

मावशींनी पदराने कपाळ टिपलं. "राग मानू नका बाई. दिवसभर सगळ्यांची मावशी असते मी. ही पंधरा मिनिटं तेवढी कुणाचीच नसते."

बाई कप उचलून ऑफिसात परतल्या. त्यांना वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, चांगलंच हायसंही वाटलं.