दोघांच्या नावावर

निवृत्त न्यायाधीशबाईंचं डोकं ताईच्या दोन्ही तळव्यांवर होतं आणि बाकीचं अंग पाण्यावर तरंगत होतं. निदान ताई तरी तसं म्हणत होती. प्रत्यक्षात बाईंचे गुडघे मुडपलेले, मुठी आवळलेल्या आणि डोळे वरच्या पत्र्यावर असे खिळलेले, जणू तो आत्ताच्या आत्ता खाली येणार.

"मान सैल सोडा," ताई म्हणाली. "मी धरलंय."

"तुम्ही सोडणार आहात. मला कळतंय."

"सांगितल्याशिवाय नाही सोडणार."

काठावरच्या बाकावर टॉवेलाखाली फोन वाजू लागला. ताईनं तिकडे पाहिलंही नाही, पण तिचे तळवे किंचित हलले आणि तेवढ्यानं बाईंच्या नाकातोंडात पाणी गेलं. ठसकत, खोकत त्या उभ्या राहिल्या. पाणी कमरेइतकंच होतं.

"घ्या तो फोन," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आठवडाभर बघतेय मी. तो वाजला की तुमचे हात बदलतात."

ताईनं फोन घेतला नाही. ती पोहायला शिकवायची त्या तलावावर तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून कितीतरी मोठी माणसंसुद्धा. ज्याला पाण्याची भीती वाटते त्याला तिच्याकडे पाठवायचं, असा तिथला रिवाज होता. कारण ती कधी ओरडत नसे. रागावलेली ताई कुणी पाहिलीच नव्हती.

फोन कुणाचा ते तिला ठाऊक होतं. पहिल्यांदा त्या माणसानं क्रेडिट कार्डाचे हप्ते थकल्याचं सांगितलं, तेव्हा तिनं राँग नंबर म्हणून ठेवून दिला होता. तिनं आयुष्यात कधी क्रेडिट कार्ड घेतलं नव्हतं. दुसऱ्यांदा मात्र त्यानं तिचं पूर्ण नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, आईचं माहेरचं आडनाव सांगितलं आणि कार्ड ज्या पत्त्यावर पोचलं होतं तो पत्ताही सांगितला. पत्ता वडिलांच्या घराचा होता. वडील गेल्यावर तिनं आणि धाकट्या भावानं ते घर विकलं, त्याला वर्षाहून जास्त काळ लोटला होता.

ते आडनाव, ती तारीख आणि तो पत्ता, तिन्ही एकत्र माहीत असलेलं तिच्याखेरीज जगात एकच माणूस होतं.

आणि त्या माणसानं हे एकदा केलेलं होतं. विशीत असताना धाकट्यानं कुठल्याशा पतपेढीतून तिच्या नावावर कर्ज काढलं होतं. वसुलीचा माणूस दारात आला, त्यानं कागद पुढे केला. सही हुबेहूब तिची, शेवटच्या अक्षराला ती देते तो हुकासारखा आकडासुद्धा. ताईनं ती सही बघितली आणि म्हणाली, "हो, माझीच आहे." मग पहाटेच्या जादा तुकड्या घेऊन तिनं ते कर्ज फेडलं. वडिलांना कळू दिलं नाही. धाकट्याला तर एका शब्दानंही विचारलं नाही. त्यानंतर तो सुधारला, लिफ्टच्या दुरुस्तीचं काम शिकला, लग्न झालं, दोन मुली झाल्या. तिच्या घरी आला की गळका नळ नाहीतर ढिली बिजागरी शोधून दुरुस्त केल्याशिवाय जात नसे. त्या कागदाचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही, कधीच.

"बँकेला कळवलंत?" सगळं ऐकून घेतल्यावर बाईंनी विचारलं. ताईनं धाकट्याचा उल्लेख तेवढा वगळला होता.

"कळवलं. त्यांनी कार्ड बंद केलं."

"आणि पोलिसांत?"

ताई पाण्यात हात फिरवत राहिली. बँकेतली मुलगीही हेच म्हणाली होती. पोलिसांतल्या तक्रारीची प्रत लागेल, ती नसेल तर हे कर्ज तुमचंच धरलं जाईल. मग त्या मुलीनं विचारलं होतं, ओळखीतल्या कुणावर संशय आहे का. ताईनं फोनची बॅटरी संपत आल्याचं सांगितलं होतं.

"भरून टाकावं म्हणते," ती म्हणाली. "कटकट नको."

बाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. डोक्याला घट्ट बसलेली पोहायची टोपी, नाकावर पाणी, तरी ती नजर न्यायालयातलीच होती.

"आज भराल. उद्या त्याच नावावर तो दुसरं कर्ज काढेल, परवा तिसरं. तुमच्या नावाची किल्ली त्याच्या हातात आहे, आणि तुम्ही म्हणताय राहू दे त्याच्याकडे." मग त्यांनी आवाज उतरवला. "कोण ते मी विचारत नाही. तुम्ही त्याला विचारा. तेवढ्याला वकील लागत नाही."

ताई परत बाईंच्या डोक्यामागे जाऊन उभी राहिली.

"चला, झोपवा मला परत," बाई म्हणाल्या. "आणि या खेपेला पाणी पाजू नका."

दुपारी ताई धाकट्याच्या कामावर गेली. एका कचेरीच्या इमारतीत तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं, पुढे अडसर लावलेला होता, आणि दारातून खालच्या खड्ड्यात धाकट्याचं डोकं तेवढं दिसत होतं, जमिनीच्या पातळीवर. तिची चप्पल आधी दिसली त्याला.

"ताई? तू इथे? सगळं ठीक ना?"

"इकडूनच चालले होते."

ती इकडून कधीच जात नसे, हे दोघांनाही ठाऊक होतं. धाकटा वर आला, फडक्यानं हात पुसू लागला. कोपऱ्यात रखवालदार खुर्चीत पेंगत होता. ताई जिन्याच्या पायरीवर बसली. वाटेत तिनं चारपाच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता जवळ नव्हतं.

"मुली बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत."

"शाळेच्या फिया वगैरे?"

"भरल्या की."

"नाही, म्हटलं, पैशांची काही ओढाताण असेल तर माणसानं सांगावं. मी काही चिडणार नाही."

धाकट्याचा हात फडक्यातच थांबला. त्यानं रखवालदाराकडे एक नजर टाकली आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

"मीच म्हणणार होतो तुला," तो हळू म्हणाला. "तू अजिबात काळजी करू नकोस, ताई. मी भरतोय."

"काय भरतोयस?"

"हप्ते. एकही चुकवलेला नाही. अजून पैसे लागले तरी वापर. फक्त एकदम मोठी खरेदी असली तर मला आधी सांग, म्हणजे तजवीज करता येते."

"कसले हप्ते, बाळ्या?"

"ते कार्ड गं." त्यानं मान खाली घातली. "तू माझ्या नावावर काढलंयस ते."

ताईनं तोंड उघडलं, पण धाकटाच घाईघाईनं बोलत सुटला, तिला लाजवायचं नाही म्हणून.

"बँकेचा फोन आला, बाबांच्या घरचा पत्ता सांगितला, तेव्हाच ओळखलं मी. तलाव दुरुस्तीला बंद होता, तुझा खांदा धरला होता. म्हटलं, अडली असेल. तोंडानं मागायला जड गेलं असेल."

"अरे, मी नाही काढलं."

"असू दे. मी विचारतोय का?"

"बाळ्या, मी नाही काढलं रे. माझ्याही नावावर एक आहे. त्याच पत्त्यावर. मला वाटलं..."

वाक्य तिथंच राहिलं. धाकट्यानं ते पुरं करायला सांगितलं नाही. थोडा वेळ तो हातातल्या फडक्याची घडी घालत बसला. चौकोनी घडी घातली, परत मोडली. मग त्याचे खांदे हलू लागले. ताईला आधी वाटलं तो रडतोय. तो हसत होता, आवाज न करता, लहानपणी जेवताना हसू आलं की वडिलांच्या धाकानं हसायचा तसा. ताईनं त्याच्या दंडावर चापट मारली आणि तिलाही हसू फुटलं, ते आवरेना. रखवालदार जागा झाला, दोघांकडे बघून काही लागलंय का म्हणून विचारू लागला.

"काही नाही," ताई पदरानं डोळे टिपत म्हणाली. "आमच्याकडे चोरी झालीय."

आठवडाभर तिच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. आता तिला इतकी भूक लागली, की धाकट्याच्या डब्यातलं उरलेलं तिनं तिथंच पायरीवर बसून संपवलं.

मग ती दोघं सायबर पोलिसांकडे गेली. टेबलापलीकडच्या अधिकारीबाईंना सडकून सर्दी झाली होती. दोघांची तक्रार त्यांनी एकत्रच लिहून घेतली.

"दोघांनी मिळून आपले कागद कुणाला दिले होते?" त्यांनी विचारलं. "ओळखपत्रांच्या प्रती, सह्या, आईवडिलांची माहिती?"

भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांच्या तोंडून एकाच वेळी शब्द निघाला.

"एजंट."

वडिलांचं घर विकून देणारा एजंट. गोड बोलणारा, चहा पाजणारा, वडिलांच्या आठवणी काढून गहिवरणारा. घेणारी मंडळी परगावी राहायची, घर बंद असायचं, किल्ली त्याच्याकडेच. कार्डं त्या दारात यायची आणि तोच सही करून घ्यायचा.

"तुमच्याआधी आणखी तीन घरची माणसं येऊन गेलीत," अधिकारीबाई म्हणाल्या. "कालच ताब्यात घेतलाय त्याला. थकबाकी तुमच्या अंगावर येणार नाही. यांनी भरलेले पैसे परत मिळायला मात्र वेळ लागेल." त्यांनी एक कागद पुढे सरकवला आणि पेननं ओळी दाखवत गेल्या. या तक्रारीची प्रत दोन्ही बँकांना द्या. नावावर आणखी कुठे कर्ज आहे का, त्याचा अहवाल मागवा. पासवर्ड बदला. आणि यापुढे कागदाची प्रत दिलीत, तर ती कशासाठी दिली ते तिच्यावरच लिहायचं, आडवं, सही करून.

"पण वापरलेलं नाही त्या कार्डाचे हप्ते तुम्ही का भरलेत?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

"मला वाटलं, बहिणीनं काढलंय."

त्या ताईकडे वळल्या. "आणि तुम्ही कळल्यावर इतके दिवस का थांबलात?"

"मलाही तसंच काहीसं वाटलं," ताई म्हणाली.

अधिकारीबाईंनी रुमालात एक शिंक दिली आणि दोघांकडे नीट बघून घेतलं. "दोघांपैकी एकानं दुसऱ्याला नुसता फोन केला असता ना..." त्या म्हणाल्या. शिक्का उचलला आणि मारला.

बाहेर ऊन उतरलं होतं. बसथांब्यावर एक बाई पिशवी घेऊन उभी होती, बाकी कुणी नव्हतं. ताईला हलकं वाटत होतं, सबंध दिवस पाण्यात काढल्यावर वाटतं तसं. धाकटा मात्र तिच्या शेजारी बोटं मोडत उभा होता.

"तेव्हा तू मला काहीच बोलली नाहीस," तो म्हणाला.

तेव्हा म्हणजे केव्हा, हे तिनं विचारलं नाही.

"काय बोलायचं होतं?"

"काहीही. एक ठेवून दिली असतीस तरी चाललं असतं. तू घरात आलीस आणि विचारलंस, जेवलास का. मी तेव्हापासून वाट बघतोय, आज बोलेल, उद्या बोलेल." तो रस्त्याकडे बघत होता. "म्हणून या कार्डाचं कळलं, तेव्हा खरं सांगू, मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, फिटतंय. आता तेही गेलं."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. कानशिलापाशी केस पांढरे झाले होते. हे आधी तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"ऐकायचंय तुला?"

"हो."

"इथे? रस्त्यात?"

"इथे काय वाईट आहे?"

पहिलं वाक्य फुटायला तिला वेळ लागला. सुरुवातही अगदी हळू झाली, वसुलीला दारात आलेल्या त्या माणसाच्या चपलांपासून. मग आवाज चढत गेला. गारठ्यातल्या पहाटेच्या तुकड्या निघाल्या, वडिलांना मारलेल्या थापा निघाल्या, दुखऱ्या खांद्याची गोष्ट निघाली. सहीच्या शेवटच्या अक्षराच्या त्या आकड्यापाशी आल्यावर ती थांबली.

"आणि सराव कुठे केलास रे? माझ्याच टेबलावर बसून?"

"तुझ्याच टेबलावर."

"गप्प बस. मी बोलतेय."

धाकटा गप्प बसला. मान खाली, हात मागे, आणि चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी झोप लागलेल्या माणसाची शांतता. पिशवीवाली बाई आधी दोन पावलं लांब सरकली होती, ती आता ऐकायला परत जवळ आली.

बस आली. दार उघडलं. पिशवीवाली बाई नाइलाजानं चढली. चालकानं दोघांकडे बघून भुवया उंचावल्या.

"तुम्ही व्हा पुढे," धाकट्यानं हात हलवला. "हिचं आत्ता कुठे सुरू झालंय."