वाळूखालची होडी

मी एक जुना मॉड आहे. हा काय प्रकार, म्हणून गोंधळू नका, मित्रांनो. संगणकावरचा एखादा खेळ लोकांना फार आवडतो, पण त्यातली एखादी गोष्ट मनाला खटकते. मग खेळणाऱ्यांपैकीच कुणीतरी बसून तिला ठिगळ लावतं आणि ते ठिगळ सगळ्यांना फुकट वाटतं. त्यालाच मॉड म्हणतात. ठिगळ म्हणवून घ्यायला मला आवडत नाही, पण खोटं कशाला बोलू?

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. मला घडवणारी ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तिच्या लाडक्या खेळात राक्षस होते, जादूगार होते, पडके किल्ले होते आणि एका नदीकाठी एक म्हातारा नावाडी होता. त्याची मुलगी पैलतीरावर अडकलेली. तिला आणायची कामगिरी खेळणाऱ्यावर यायची, पण खेळ बनवणाऱ्यांनी ती अर्धवटच सोडली होती. मुलीचा विषय कितीही काढा, नावाडी आपला एकच वाक्य म्हणायचा, "नदीला पाणी फार आहे." मुलगी पलीकडे बसून राहायची. ताईला ते बघवेना.

दीड वर्ष ती माझ्यामागे लागली होती. तिने नवी होडी केली, वल्ही केली, मुलीला परत यायची वाट करून दिली. नावाड्याला आवाज देणारा माणूस मात्र ती कुठून आणणार? तिने त्याचीच खेळातली जुनी वाक्यं कापली. तो कुत्र्याला हाक मारताना "ये" म्हणायचा, ते उचललं. एका गाण्यातून "पोरी" घेतलं, एका भांडणातून "बैस" घेतलं. जोडून वाक्य झालं, "ये पोरी, बैस." पण "ये" नंतर आवाज जरासा अडखळायचा. ताईने नाना खटपटी केल्या, ते काही जाईना.

काठावर एक मोडकी होडी उलटी पडलेली असायची. ती नव्या होडीच्या वाटेत यायची. ताईने ती सरळ पुसून टाकली.

मी लोकांच्या हाती गेलो आणि माझं भलतंच कौतुक झालं. मुलगी घरी परतते तेव्हा डोळे भरून येतात, असं लोक लिहायचे. मी फुशारून गेलो होतो. त्याच दिवसांत मॉड बनवणाऱ्या एका गृहस्थांचं पत्र आलं. त्यांना सगळे कासव म्हणत, कारण ते कुणालाही आठ दिवसांशिवाय उत्तर देत नसत. त्यांनी लिहिलं होतं, "मोडकी होडी पुसू नका, लपवा. खेळ पुढे कधी तिला शोधायला गेला तर अडेल." ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमचं तुम्ही बघा," एवढंच तिने कळवलं. कासव गप्प झाले. बरं झालं, असं मलाही वाटलं. आज त्याची लाज वाटते.

दोन वर्षं गेली. नवे खेळ आले, आमच्या खेळालाही बनवणाऱ्यांनी शेवटी एक नवा भाग जोडला, लोक मला विसरले. मग एका रविवारी सकाळी दहा वाजता निरोप आला.

"ताई, मी निवृत्त बसमेकॅनिक आहे. नातीबरोबर वर्षभर हा खेळ खेळतोय. शेवटच्या भागात नदीकाठी पोचलो की खेळ धाडकन बंद पडतो. तुमचा मॉड काढून पाहिला, तर नावाड्याची मुलगी पुन्हा पैलतीरावरच अडकली. नात रडायला लागली, म्हणून परत घातला. आज चार वाजता ती आईबरोबर दूरच्या शहरात राहायला जातेय. शेवट दोघांनी मिळूनच बघायचा, असं आमचं ठरलंय. काही करता येईल का?"

ताईने लगेच खेळ उघडला. शेवटचा भाग, नदीकाठ, आणि पडदा काळा. तिला वाटलं, दोष त्या अडखळत्या वाक्यात असेल. तिने ते काढलं, पुन्हा नदीकाठ, पुन्हा काळा पडदा. एकेक तुकडा ती माझ्यातून काढत होती, परत बसवत होती. माझा जीव टांगणीला लागला होता. मला कायमचं काढून टाकलं तर? मग त्या मुलीला पैलतीरावर कोण जाऊन आणणार?

"जेवून घे आधी," आई म्हणाली.

"थांब गं आई, चारच्या आत व्हायला हवं."

"लोकांना चष्मे देतेस आणि स्वतःचे डोळे फोडून घेतेस. उद्या तुझ्याच दुकानात तुझा नंबर काढावा लागेल बघ."

दीड वाजता ताईने जुनी पत्रं चाळायला घेतली आणि कासवांच्या पत्रापाशी थांबली. तिचा चेहरा पडला. पुसलेली होडी परत कशी आणायची, हे तिला ठाऊक नव्हतं. तशीच दुसरी होडी ठेवून पाहिली, पण खेळाला तीच हवी होती. शेवटी तिने लिहिलं, "तुमचं बरोबर होतं. मी उगाच तोडून बोलले. एका लहान मुलीसाठी चारच्या आत मदत कराल का?"

आणि उत्तर द्यायला आठ दिवस लावणाऱ्या माणसाची ती वाट बघत बसली. दोन वाजले. अडीच वाजले. ताट निवून गेलं.

तीनला पाच कमी असताना उत्तर आलं. "मी तेव्हाच दुरुस्त प्रत करून ठेवली होती. तुम्ही रागावलात, म्हणून पाठवायला धजलो नाही. होडी जागेवर आहे, फक्त वाळूखाली पुरली आहे."

दोन वर्षं माझं औषध तयार होतं, मित्रांनो! ताईने घाईघाईने खेळ लावला. नदीकाठ आला. पडदा काळा झाला नाही. तीन वीसला तिने मला आजोबांकडे पाठवलं. चार वाजले, साडेचार वाजले. काहीच कळेना. आईसुद्धा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली.

पाच वाजता निरोप आला. "शेवट पाहिला. खाली गाडी हॉर्न वाजवत होती. नात चपला घालून उभ्यानेच खेळली. गाडीचं दार उघडून मी तिला नावाड्यासारखंच अडखळत म्हणालो, ये... पोरी, बैस. हसत हसत गेली हो. ताई, एक विनंती आहे. ते अडखळणं तेवढं दुरुस्त करू नका."

ताई डोळे पुसत जेवायला बसली. त्याच संध्याकाळी तिने माझ्या माहितीच्या पानावर आपल्या नावाशेजारी कासवांचं नाव लिहिलं.

मी आता म्हातारा झालो, म्हणून तुम्हाला हक्काने सांगतो. मोडकी वस्तू वाटेत आली तर एकदम पुसून टाकू नका. कुणाला तरी तिची गरज असेल. आणि कुणी चूक दाखवली तर रागावण्याआधी त्याचं बोलणं ऐकून घ्या. माझी होडी आजही वाळूखाली आहे. ती कुणाला दिसत नाही. पण अधूनमधून एखादा खेळणारा नदीकाठी येतो, खेळ बंद पडत नाही, आणि म्हातारा नावाडी थोडंसं अडखळून हाक मारतो.