चार अक्षरांची उसनवारी

जावयाची एकच खोड आक्कांच्या डोक्यात जायची: या माणसाला कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. शेजाऱ्याने शिडी मागितली, दिली. मित्राने जॅक मागितला, दिला. वर भर उन्हात आडवं पडून लावूनही दिला. आणि देताना तोंड असं, जणू कर्णाचे सख्खे धाकटे भाऊ.

"दुसऱ्याच्या ताटातलं वाढायला हात फार सैल तुझ्या नवऱ्याचा," आक्का लेकीला ऐकवत.

"तुला ते मुळी आवडतच नाहीत."

"आवडायला ते काय सिनेमातले हीरो आहेत? भरवशाचे निघाले तरी पुरे."

हे सगळं जावयाच्या माघारी. समोर आले की 'या, बसा, चहा घेणार?' मान म्हणजे मान. त्यांच्या ट्रकांवरची ड्रायव्हर मंडळी आक्कांना आपसात 'हायबीम', म्हणजे गाडीचा झगझगीत दिवा, म्हणत, कारण त्यांनी नजर रोखली की समोरचा डोळे मिटतो. पण जावयापुढे तो दिवाही मंद व्हायचा.

आक्कांच्या सगळ्या ट्रकांच्या दारांवर चार इंग्रजी अक्षरं रंगवलेली होती. शाळा आक्कांना बाराखडीपुरतीच भेटलेली, इंग्रजीशी तर तोंडओळखही नाही. तरी ती अक्षरं त्या लांबूनही ओळखत. एक शिडीसारखं, एक वेटोळं घातलेल्या सापासारखं, मग दोन खांब. हा त्यांच्या कंपनीचा कोड. कस्टमच्या कॉम्प्युटरला ट्रक दिसत नाही, ड्रायव्हर दिसत नाही. दिसतो फक्त कोड. माल कुणी आणला, आणि त्यात काही वाकडं निघालं तर मानगूट कुणाची धरायची, ते त्या चार अक्षरांवरून ठरतं. नवरा गेल्यावर आक्कांनी पहिल्यांदा तो कोड आपल्या नावावर करून घेतला, मग रडायला बसल्या.

त्या दिवशी सकाळी गॅरेजवरच्या खोलीत धाकट्याचा फोन आला. धाकटा म्हणजे आक्कांचा एकुलता मुलगा; सगळ्या बहिणींच्या पाठचा म्हणून धाकटा. फरशांचा माल घेऊन तो पहाटेच कस्टमच्या यार्डाकडे गेला होता.

"आक्का, मला गेटवर धरलंय. म्हणतात, आपल्या कोडवर दुसरी गाडी आलीय. तिचा ड्रायव्हर रांगेत गाडी टाकून पळाला. आपली दुसरी कुठली गाडी? फोन काढून घेतायत गं, तू—"

फोन तुटला. आक्कांनी फोन कानाला धरूनच खिडकीतून खाली पाहिलं.  त्यांची बाकी सगळी वाहनं खाली अंगणात, डोळ्यांसमोर उभी होती.

जिना चढून जावई आत आले. ते कंपनीचं कॉम्प्युटरचं काम बघत. गाडी निघण्याआधी कोड घालून कस्टमला वर्दी देणं त्यांच्याकडे. तोंड पिठासारखं पांढरं. आक्कांना विचारावंच लागलं नाही.

"कुणाला दिलात?"

"मित्राला... त्याला स्वतःचा कोड मिळायला वेळ लागत होता. एकच खेप, आक्का. मी आपल्या कोडवर त्याची वर्दी दिली. सगळेच करतात असं."

"सगळे विहिरीत पडतात, म्हणून तुम्ही माझ्या पोराला ढकललंत? फोन लावा त्या मित्राला."

"लावतोय मघापासून. बंद आहे."

दोघं लगोलग गाडीने यार्डाकडे निघाले. एका वळणावर जावयाचा हात गिअरवरून घसरला. 

यार्डात तो अनोळखी ट्रक बाजूला काढून ठेवला होता. त्याच्या दारावर कागद चिकटवून आक्कांची चार अक्षरं लिहिलेली, घाईघाईने, एक खांब वाकडा. आपल्या घरचं कापड परक्याच्या अंगावर बघावं तसं आक्कांना झालं. एक शिपाई कुत्रं घेऊन कंटेनरभोवती फिरत होता. मागच्या कोपऱ्याशी आल्यावर कुत्रं भुंकलं नाही, धावलं नाही. नुसतं खाली बसलं.

"बसलं म्हणजे काय?" आक्कांनी विचारलं.

जावयाने ओठ ओले केले. "वास लागला म्हणजे."

कस्टमची अधिकारी आक्कांच्या लेकीच्या वयाची होती. आवाज मात्र थंड.

"आजी, आतली भिंत दुहेरी आहे. कापतोय आम्ही. जे निघेल ते कोडवाल्याचं. पळालेला सापडेल तेव्हा सापडेल. तुमचा मुलगा आत्ता हातात आहे. हा ट्रक तुमचा नाही म्हणता, तर कोड कुणी वापरायला दिला, ते ठरवून मला सांगा. आणि खरं सांगा."

ती कापणाऱ्यांकडे गेली. व्हरांड्यातल्या काचेपलीकडे धाकटा बाकावर बसला होता. त्याचा पट्टा काढून घेतलेला, बुटांच्या नाड्याही. आईला बघून त्याने पँट एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने 'काही नाही, काही नाही' अशी खूण केली. लहानपणी गुडघा फोडून आला की अशीच करायचा. आक्कांनी काचेला हात लावला. काच गार होती.

जावई अगदी जवळ येऊन कुजबुजले, "आक्का, एक सुचतंय. धाकट्याने सांगावं, चुकून त्याच्याकडून कोड गेला. तो एकटा जीव. लहान आहे म्हणून सोडतीलही. माझ्यामागे दोन पोरी आहेत... तुमच्याच नाती."

बाहेर लोखंड कापणारं यंत्र किंचाळायला लागलं.

आणि तेव्हा आक्का खऱ्या घाबरल्या. कुत्र्याला नाही, कस्टमला नाही; आपल्याच मनाला. कारण ते मन क्षणभर 'हो' म्हणालं होतं. धाकटी नात बापाच्या खांद्यावरून उतरत नसे. लेक कुणाच्या तोंडाकडे बघेल? धाकटा काय, आईने सांगितलं तर खाली मान घालून 'मीच केलं' म्हणेल. कारण विचारणार नाही. तो विचारणार नाही, याचीच आक्कांना भीती वाटली. असलं पोर कुणाच्याही पापाखाली सहज गाडता येतं.

यंत्र थांबलं. जळक्या पत्र्याचा वास व्हरांड्यापर्यंत आला. कापलेल्या भिंतीतून एकाने हात घातला आणि चिकटपट्टीने गुंडाळलेलं पुडकं बाहेर काढलं. मग आणखी एक. मग काढतच राहिला.  शिपायाने खाली वाकून कुत्र्याची पाठ थोपटली.

 जावई भिंतीला टेकून बसत गेले ते खाली फरशीपर्यंत.

अधिकारी हातमोजे काढत परत आली. "बोला. कोड कुणी दिला?"

जावयाने आक्कांकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठावरच्याकडे बघतो तसं. काचेपलीकडे धाकटाही उभा राहिला होता, पँट मुठीत धरून. त्याला ऐकू काहीच येत नव्हतं.

  आक्कांनी पदर खांद्यावर सारखा केला आणि अधिकारिणीला ऐकू जाईल अशा आवाजात जावयाला म्हणाल्या, "जावईबापू, आजवर तुमचा मान ठेवला, आताही ठेवते, म्हणून आधी तुम्हाला बोलायची संधी देते. आत काय भरलं होतं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. वकील मी देईन. लेकीला आणि नातींना माझ्या घरात काही कमी पडणार नाही. पण जे तुमचं नव्हतं ते तुम्ही दिलंत, आणि आता माझा पोरगाही देऊन टाकायला निघालात. तो तुम्हाला मिळायचा नाही. उठा, या बाईंना स्वतःच्या तोंडाने सांगा. नाही सांगितलंत, तर मी सांगेन. आणि मग घरी पोरींना, बाप का गप्प बसला होता, तेही मीच सांगेन."