कंडोनेशन

वकील सुलक्षणाताईंनी ज्योतीच्या नवऱ्याचा, दीपकचा, लेखी जबाब टेबलावर ठेवला. मारहाणीच्या कारणावरून ज्योतीने धुळ्याच्या कोर्टात घटस्फोट मागितला होता. जबाबात मारहाण नाकारली होती. पुढे लिहिले होते की ती झाली असे धरले, तरी त्या मारहाणीचे कंडोनेशन झाले आहे.

"म्हणजे?" ज्योतीने विचारले.

"नवऱ्याची क्रूरता माहीत असून ती माफ करणं आणि पुन्हा एकत्र राहणं. श्रावणात तुम्ही साक्रीला सासरी राहिलात. फोटो जोडलाय."

फोटोत कानबाई देवीपुढे दीपकशेजारी ज्योती उभी होती.

"मी रोट खायला गेले होते."

कानबाईच्या प्रसादाचे रोट घराण्याबाहेर देत नाहीत, आणि लग्न झालेली मुलगी माहेरच्या घराण्याची राहत नाही. म्हणून माहेरी आलेल्या ज्योतीला पिंप्राळ्याहून आईनेच बसमध्ये बसवून दिले होते.

"मीच धाडं तिले," सोबत आलेली आई, भिकुबाई, म्हणाली. "देवीनी काय बिघाडं व्हतं इनं?"

"कोर्ट देवी बघत नाही, अक्का. मुक्काम बघतं." सुलक्षणाताई ज्योतीकडे वळल्या. "पण ही माफी अटीची असते. नंतर त्याने पुन्हा हात उचलला, तर ती रद्द होते. जुनी मारहाणही पुन्हा विचारात घेतात. तिकडे काही झालं?"

"काहीच नही," भिकुबाईनेच उत्तर दिले. "बठ्ठं चांगलं व्हतं. फक्त आते हाका मारा तं ओ देत नही. मोठी मानूस व्हयी गयी."

ज्योती जबाबाकडे बघत होती.

"डाव्या कानाने ऐकू येत नाही," ती म्हणाली. "देवी बोळवून आलो तेव्हा. दीपकच्या आधी सासऱ्यांना ताट दिलं म्हणून त्याने कानाखाली मारली."

"डॉक्टर?"

"नाही."

"कोणाला सांगितलंत?"

"नाही."

सुलक्षणाताईंनी पेन उघडले. "तपासणी आजच करा. पण कान कधी गेला, हे त्यात येणार नाही. परत आल्यावर तुम्ही कशा होतात, ते आईला साक्षीत सांगावं लागेल."

"मग कंडोनेशन टिकणार नाही?" ज्योतीने तो शब्द सावकाश, पूर्ण उच्चारला.

"हे सिद्ध झालं तर नाही."

ज्योतीने जबाब पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. भिकुबाई तिच्या डाव्या हाताला बसली होती.

"माले काबरं नही सांगं वं?" तिने हळूच विचारले.

ज्योतीने पान उलटले. सुलक्षणाताईंनी साक्षीसाठी भिकुबाईला तिचे पूर्ण नाव विचारले.